चार्ल्स केटरिंग

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग (२९ ऑगस्ट, इ.स. १८७६ – २५ नोव्हेंबर, इ.स. १९५८) हे अमेरिकन अभियंते, संशोधक आणि उद्योजक होते. पेट्रोल इंजिनातील ठिणगी बॅटरीच्या विजेवर पाडण्याची त्यांनी विकसित केलेली पद्धत इ.स. १९१० पासून सुमारे सहा दशके जगभरच्या मोटारींत प्रचलित होती. तांत्रिक लेखनात ती आजही केटरिंग प्रज्वलन या नावाने ओळखली जाते. मोटारीचा विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर त्यांनीच व्यवहारात आणला. जनरल मोटर्स या कंपनीच्या संशोधन विभागाचे ते इ.स. १९२० ते १९४७ अशी सत्तावीस वर्षे प्रमुख होते. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची प्रथा त्यांच्याच प्रयोगशाळेतून सुरू झाली, आणि या कामाचे दुष्परिणाम त्यांच्या मृत्यूनंतरही अनेक दशके जगाला भोगावे लागले.

जन्म आणि शिक्षण

केटरिंग यांचा जन्म अमेरिकेच्या ओहायो राज्यातील लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. जेकब आणि मार्था केटरिंग यांच्या पाच अपत्यांपैकी ते चौथे. लहानपणापासून त्यांची दृष्टी अधू होती आणि वाचन केले की डोके दुखू लागे. तरीही शालेय शिक्षण पूर्ण होताच त्यांनी बंकर हिल येथील लहानशा शाळेत शिक्षकाची नोकरी धरली. संध्याकाळच्या वेळी ते विद्यार्थ्यांना वीज, उष्णता, चुंबकत्व आणि गुरुत्वाकर्षण यांचे प्रयोग करून दाखवीत. पुस्तकापेक्षा प्रयोगावर अधिक विसंबण्याची त्यांची वृत्ती या काळातही दिसते. डोळ्यांचा त्रास असलेल्या माणसाच्या बाबतीत ते स्वाभाविकही म्हटले पाहिजे.

वूस्टर येथील महाविद्यालयात काही काळ शिकल्यावर त्यांनी ओहायो राज्य विद्यापीठात अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला, परंतु डोळ्यांच्या दुखण्याने शिक्षण मध्येच सोडावे लागले. मधल्या काळात त्यांनी टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या मजुरांच्या टोळीवर मुकादम म्हणून काम केले. खांब उभारणे, तारा ओढणे, बिघाड शोधणे अशी ही मोकळ्या हवेतील कामे होती. त्यांच्या भावी पत्नी ऑलिव्ह विल्यम्स यांची ओळखही याच काळात झाली. पुढे विद्यापीठात परतून इ.स. १९०४ मध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळविली. तेव्हा त्यांना अठ्ठाविसावे वर्ष चालू होते.

कॅश रजिस्टरची मोटर

पदवी मिळताच केटरिंग डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीच्या संशोधन विभागात रुजू झाले. दुकानातील गल्ल्याचे यंत्र तोपर्यंत हाताने मूठ फिरवून चालवीत. ते विजेवर चालविण्याचे काम त्यांच्याकडे आले. गल्ल्याच्या पेटीत मावेल एवढी लहान मोटर पुरेसा जोर देऊ शकणार नाही, ही मुख्य अडचण होती. केटरिंग यांनी त्या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहिले. गल्ल्याची मोटर दिवसभर चालत नाही, ग्राहकागणिक क्षणभरच फिरते. सतत चालणाऱ्या मोटरवर जो भार टाकला असता ती जळेल, तो भार क्षणभर फिरून थांबणाऱ्या मोटरला सहज सोसतो. या विचारातून लहान आणि जोरकस मोटर तयार झाली. हाच विचार पाच वर्षांनी मोटारगाडीच्या इंजिनाला लागू पडला.

मॅग्नेटो आणि बॅटरी

कंपनीतील वरिष्ठ अधिकारी एडवर्ड डीड्स यांना मोटारींचा नाद होता. त्यांच्या घरामागील कोठारात केटरिंग आणि कंपनीतील काही सहकारी रात्री व सुट्टीच्या दिवशी जमू लागले. मोटारीच्या प्रज्वलनाचा प्रश्न त्यांनी प्रथम हाती घेतला.

पेट्रोल इंजिनात दट्ट्या हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबून धरतो, त्या नेमक्या क्षणी प्लगच्या फटीत ठिणगी पडावी लागते. दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी पडण्यास हजारो व्होल्टचा दाब लागतो. तो कोठून आणावयाचा याची त्या काळी दोन उत्तरे होती. पहिले उत्तर मॅग्नेटोचे. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी इ.स. १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला होता. सायकलच्या दिव्याचा डायनॅमो जसा चाकाबरोबर फिरून वीज निर्माण करतो, तसाच मॅग्नेटो इंजिनाबरोबर फिरतो आणि कायमचुंबक व तारेचे वेटोळे यांच्या साहाय्याने स्वतःच वीज निर्माण करून ठिणगी पाडतो. त्याला बाहेरून काहीही पुरवावे लागत नाही. शिवाय इंजिन जितके वेगाने फिरेल तितकी त्याची ठिणगी जोरकस होते. मात्र हे यंत्र महाग होते, आणि इंजिन सुरू करताना, म्हणजे हाताने हँडल मारताना, त्याचा वेग इतका कमी असे की ठिणगी दुबळी पडे. ज्या क्षणी ठिणगीची सर्वांत अधिक गरज, त्याच क्षणी मॅग्नेटो सर्वांत अशक्त असतो.

दुसरे उत्तर कोरड्या बॅटरीचे आणि थरथरणाऱ्या पत्तीच्या कॉइलचे होते. या पद्धतीत सुरुवातीची ठिणगी चांगली पडे, पण पत्ती थरथरत असल्याने एका स्फोटासाठी ठिणग्यांचा वर्षाव होई आणि बॅटरी पाहता पाहता उतरून जाई. वाटेत बॅटरी संपली की गाडी तेथेच अडे.

केटरिंग यांनी दुसऱ्या मार्गातील उधळपट्टी थांबविली. प्रत्येक स्फोटासाठी नेमकी एक आणि भरपूर जोराची ठिणगी पुरेशी आहे, असे त्यांनी ठरविले. कॉइलमधून बॅटरीचा प्रवाह वाहू द्यावयाचा आणि ठरलेल्या क्षणी तो एकदम तोडावयाचा. प्रवाह तुटताच कॉइलमधील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या, असंख्य वेढ्यांच्या तारेत उच्च दाब निर्माण होतो. ही वीज डिस्ट्रिब्युटर पाळीपाळीने एकेका प्लगकडे पाठवितो. बॅटरीचे आयुष्य यामुळे अनेक पटींनी वाढले आणि हँडल मारतानाही ठिणगी पूर्ण जोराची मिळू लागली. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी इ.स. १९१० च्या मोटारींसाठी हजारो संचांची मागणी नोंदविली. ही मागणी पुरविण्यासाठी केटरिंग आणि डीड्स यांनी इ.स. १९०९ मध्ये डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी स्थापन केली. तिच्या आद्याक्षरांवरून डेल्को हे नाव रूढ झाले.

महाराष्ट्रातील वाचकांना या दोन्ही पद्धती नावाने नसल्या तरी परिचयाच्या आहेत. मुंबईतील कुर्ला येथे तयार होणाऱ्या फियाट आणि नंतरच्या प्रीमियर पद्मिनी मोटारींत केटरिंग पद्धतीचे पॉइंट, कॉइल, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्युटर असत. पुण्याजवळ आकुर्डी येथे बनणाऱ्या बजाजच्या जुन्या स्कूटरचे प्रज्वलन मॅग्नेटोचे असे. गॅरेजमधील कारागीर पॉलिश पेपरने पॉइंट घासून फट बेतीत, तेव्हा ते केटरिंग यांच्याच काळातील भागाशी झुंजत असत.

सेल्फ-स्टार्टर

हँडल मारणे केवळ कष्टाचे नव्हते, धोक्याचेही होते. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलट झटका देई आणि हँडल मनगटावर किंवा जबड्यावर आदळे. लेलँड यांचे स्नेही बायरन कार्टर यांचा इ.स. १९०८ मध्ये अशाच एका झटक्याच्या दुखापतीतून अंत झाला आणि त्या धक्क्यातून लेलँड यांनी स्टार्टरचा आग्रह धरला, अशी कथा सांगितली जाते. तिचे तपशील निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे आढळतात.

इंजिन फिरविण्याएवढी मोटर बसवावयाची तर ती इंजिनाइतकीच मोठी होईल, असा तत्कालीन जाणकारांचा समज होता. केटरिंग यांनी गल्ल्याच्या मोटरचा अनुभव येथे वापरला. स्टार्टरलाही काही सेकंदच काम करावयाचे असते. इ.स. १९११ च्या फेब्रुवारीत त्यांचा स्टार्टर कॅडिलॅकच्या गाडीवर बसला आणि इ.स. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारी तो घेऊनच बाजारात आल्या. या शोधाचे पेटंट त्यांना १७ ऑगस्ट, इ.स. १९१५ रोजी मिळाले. या विद्युत व्यवस्थेबद्दल कॅडिलॅकला ब्रिटनचा ड्यूअर चषक दुसऱ्यांदा देण्यात आला.

प्रज्वलनाच्या वादाचा निकालही खऱ्या अर्थाने येथेच लागला. स्टार्टरसाठी गाडीत मोठी, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी आली आणि ती भरण्यासाठी इंजिनावर चालणारा जनरेटर आला. तेच यंत्र प्रथम मोटर म्हणून इंजिन सुरू करी आणि मग जनरेटर होऊन बॅटरी भरी. बॅटरी उतरण्याची भीती संपल्यावर सामान्य मोटारीत महागडा मॅग्नेटो बाळगण्याचे कारण उरले नाही. बॅटरीची ठिणगी मॅग्नेटोपेक्षा सर्वच बाबतींत सरस होती असे मात्र नव्हे. वेग वाढला की तिचा जोर घटतो, हा दोष तिच्यात पहिल्यापासून होता. त्या काळची इंजिने इतक्या वेगाने फिरतच नसत, म्हणून तो जाणवला नाही. फोर्डच्या मॉडेल टी या गाडीने आपला मॅग्नेटो इ.स. १९२७ पर्यंत सोडला नाही. ट्रॅक्टर, विमाने आणि शर्यतीच्या गाड्या येथेही मॅग्नेटो टिकून राहिला.

लिबर्टी इंजिनाचा वाद

अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर इ.स. १९१७ मध्ये लिबर्टी हे बारा सिलिंडरांचे विमान-इंजिन घाईने आखण्यात आले. विमानात मॅग्नेटो वापरण्याचा तोवरचा शिरस्ता होता, कारण आकाशात बॅटरी बंद पडली तर रस्त्याच्या कडेला थांबता येत नाही. असे असूनही लिबर्टीसाठी डेल्कोचे बॅटरी प्रज्वलन निवडले गेले. या इंजिनाच्या सिलिंडरांच्या दोन ओळींतील कोन ४५ अंशांचा होता. त्यामुळे लागोपाठच्या ठिणग्यांमधील अंतर सारखे न राहता आळीपाळीने ४५ आणि ७५ अंश पडे. समान अंतराने ठिणगी देण्यासाठी घडविलेल्या मॅग्नेटोला हे सोयीचे नव्हते. अशी वीस हजारांहून अधिक इंजिने तयार झाली.

निवडीमागे तांत्रिक कारण असले तरी ती संशयातून सुटली नाही. केटरिंग यांचे जुने भागीदार डीड्स हे त्या वेळी सैन्याच्या विमान-सामग्री विभागात कर्नलच्या हुद्द्यावर होते. विमान-उत्पादनातील विलंब आणि हितसंबंध यांची चौकशी चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांच्याकडे सोपविण्यात आली आणि डीड्स यांच्यावर लष्करी खटला भरावा अशी शिफारस त्यांनी इ.स. १९१८ मध्ये केली. पुढे सैन्याच्या फेरतपासणीत डीड्स निर्दोष ठरले. डेल्को कंपनी इ.स. १९१६ मध्येच विकली गेली होती आणि इ.स. १९१८ मध्ये ती जनरल मोटर्सच्या छत्राखाली आली. त्याच वर्षी केटरिंग यांनी चालकाविना उडणाऱ्या बॉम्बवाहू विमानाचीही चाचणी घेतली, परंतु ते वापरात येण्यापूर्वीच युद्ध संपले.

नॉकिंग आणि शिसे

बॅटरी प्रज्वलनावर आणखी एक आरोप होत असे. चढावर किंवा भार वाढल्यावर इंजिनातून ठोके पडल्यासारखा आवाज येई. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. केटरिंग यांच्या प्रज्वलनामुळेच हे ठोके पडतात, असे टीकाकारांचे म्हणणे होते. दोष खरोखर कोठे आहे हे शोधण्याचे काम केटरिंग यांनी इ.स. १९१६ मध्ये थॉमस मिजली या तरुण अभियंत्याकडे दिले. ठिणगी निर्दोष असून इंधनच दाबाखाली अवेळी भडकते, असे या संशोधनातून निष्पन्न झाले. केटरिंग यांनी आपल्या ठिणगीवरील डाग धुऊन काढला, पण शोध तेथे थांबला नाही.

ठोके थांबविणारे द्रव्य शोधताना आयोडीन, अ‍ॅनिलिन, टेल्यूरियम अशी अनेक द्रव्ये तपासली गेली. मद्यार्कानेही ठोके थांबतात हे त्यांना ठाऊक होते. ९ डिसेंबर, इ.स. १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा गुण सापडला. ते अत्यल्प प्रमाणात पुरे आणि त्यावर पेटंटचा हक्कही घेता येई. इ.स. १९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून एथिल कॉर्पोरेशन स्थापन केली. केटरिंग तिचे पहिले अध्यक्ष झाले. कंपनीच्या नावात शिशाचा उल्लेख नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात शिशाच्या विषबाधेने कामगारांना भ्रम होऊ लागले आणि पाच जण दगावले. मे, इ.स. १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी बोलाविलेल्या परिषदेत केटरिंग यांनी उद्योगाची बाजू मांडली. अ‍ॅलिस हॅमिल्टन आणि यँडेल हेंडरसन या तज्ज्ञांनी रस्त्यारस्त्यांवर पसरणाऱ्या शिशाच्या धोक्याची सूचना दिली. काही काळ विक्री थांबली. परंतु पुढच्या वर्षी चौकशी समितीला बंदीचे पुरेसे कारण आढळले नाही आणि विक्री पुन्हा सुरू झाली. शिसे विषारी आहे ही गोष्ट प्राचीन काळापासून माहीत होती. एरवी प्रत्येक गृहीत तपासून पाहणाऱ्या केटरिंग यांनी या बाबतीत मात्र स्वतःचे गृहीत तपासले नाही. भारतात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र सक्तीचे होण्यास १ फेब्रुवारी, इ.स. २००० हा दिवस उजाडावा लागला. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता. तेथील विक्री इ.स. २०२१ मध्ये थांबली.

मिजली आणि त्यांचे सहकारी यांनी केटरिंग यांच्याच सूचनेवरून शीतकपाटांसाठी फ्रिऑन वायू शोधला. विषारी आणि ज्वालाग्राही वायूंपासून घरांना त्याने वाचविले. या वर्गातील वायू वातावरणातील ओझोनचा थर विरळ करतात हे मात्र केटरिंग यांच्या मृत्यूनंतर उघड झाले.

अपयश आणि डिझेल

इ.स. १९२३ मध्ये केटरिंग यांनी तांब्याच्या पट्ट्यांनी, हवेवर थंड होणारे इंजिन शेव्हरोले मोटारीत आणले. ७५९ गाड्या तयार झाल्या, पण इंजिने तापू लागल्याने गाड्या परत मागवाव्या लागल्या. खचलेल्या केटरिंग यांनी नोकरी सोडण्याची तयारी दर्शविली. कंपनीचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी त्यांना थांबवून घेतले. हा त्यांचा सर्वांत मोठा जाहीर पराभव होय.

त्यानंतर त्यांनी दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा ध्यास घेतला. इ.स. १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात ही इंजिने मांडण्यात आली आणि पुढच्या वर्षी बर्लिंग्टन झेफर ही आगगाडी तशाच इंजिनावर डेन्व्हर ते शिकागो एका दिवसात धावली. अमेरिकेतील वाफेच्या इंजिनांची सद्दी येथून ओसरू लागली. डिझेल इंजिनात ठिणगी लागतच नाही. हवा दाबूनच इतकी तापविली जाते की इंधन आपोआप पेट घेते. ठिणगीने ज्यांचे नाव झाले त्यांनी ठिणगीविना चालणाऱ्या इंजिनावरही तितकीच मेहनत घेतली.

ड्रॅग शर्यती आणि मॅग्नेटोचे पुनरागमन

निवृत्तीपूर्वी केटरिंग यांनी उच्च संपीडन गुणोत्तराच्या इंजिनांवर संशोधन केले. त्याच धारेतून इ.स. १९४९ चे ओल्ड्समोबिलचे रॉकेट हे सुमारे पाच लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन आले. या सुमारास कॅलिफोर्नियात तरुण मंडळी सरळ पट्ट्यावर दोन गाड्या उभ्या करून पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या, शर्यती लावू लागली होती. इ.स. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापून या ड्रॅग शर्यतींना नियमांत बसविले. रॉकेट इंजिन त्या मंडळींच्या आवडीचे होते. मात्र अधिक वेगाच्या मागे लागलेल्या अनेकांनी आपल्या इंजिनावरील केटरिंग यांचे प्रज्वलन काढून तेथे मॅग्नेटो बसविला.

त्याचे कारण साध्या हिशेबात सापडते. आठ सिलिंडरांचे चार-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला चार ठिणग्या मागते. मिनिटाला ६,००० फेरे झाले की सेकंदाला ४०० ठिणग्या लागतात, म्हणजे एका ठिणगीच्या वाट्याला अडीच मिलिसेकंद येतात. त्यातही पॉइंट मिटलेले असतात तो अंशच कॉइल भरण्यासाठी मिळतो. कॉइल अर्धवट भरते, पॉइंट उसळू लागतात आणि ठिणगी चुकते. मॅग्नेटो नेमका याच वेगाला जोमात येतो. बॅटरी आणि जनरेटर यांचे ओझेही वाचते. सुरू होताना मॅग्नेटो दुबळा असतो हा दोष येथे आडवा येत नाही, कारण शर्यतीची इंजिने जोरदार बाह्य स्टार्टरने फिरविली जातात. केटरिंग यांनी ज्या कारणांसाठी मॅग्नेटो नाकारला होता, ती सर्व सामान्य चालकाची कारणे होती.

इ.स. १९६० नंतर इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आल्यावर जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. पॉइंटच्या जागी ट्रान्झिस्टर आल्याने उसळण्याचा दोष गेला. कपॅसिटरमध्ये वीज साठवून ती एकदम सोडणाऱ्या पद्धतीत तर मोठ्या वेगालाही ठिणगी कमी पडत नाही. शिवाय प्रत्येक गिअरला ठिणगीची वेळ मागेपुढे करणे, ठरावीक वेगापुढे इंजिन रोखणे या गोष्टी शक्य झाल्या. त्यामुळे पेट्रोलवर धावणाऱ्या बहुतेक ड्रॅग गाड्यांत बॅटरीवरील इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन रूढ झाले. नायट्रोमिथेन जाळणाऱ्या टॉप फ्युएल वर्गात मात्र आजही मॅग्नेटोच असतो. तेथे सिलिंडरात इतके ओले आणि दाट मिश्रण कोंबलेले असते की सामान्य ठिणगी त्यात विझून जाईल. म्हणून प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि इंजिनाला सुमारे ४४ अँपिअरचे दोन मॅग्नेटो बसवितात.

रस्त्यावरील मोटारींतही पॉइंट फार काळ टिकले नाहीत. क्रायस्लरने इ.स. १९७३ पर्यंत आणि जनरल मोटर्सने इ.स. १९७५ पर्यंत इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन सर्वसामान्य केले. प्रवाह तोडून कॉइलमधून ठिणगी काढण्याचे केटरिंग यांचे तत्त्व त्यात कायम राहिले, फक्त प्रवाह तोडणारा हात बदलला.

अखेरची वर्षे

इ.स. १९४५ मध्ये स्लोन यांच्या देणगीतून आणि केटरिंग यांच्या सहकार्याने न्यू यॉर्क येथे स्लोन-केटरिंग कर्करोग संशोधन संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी ऑलिव्ह केटरिंग यांचे कर्करोगाने निधन झाले. इ.स. १९४७ मध्ये केटरिंग जनरल मोटर्समधून निवृत्त झाले. २५ नोव्हेंबर, इ.स. १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. डेटन येथील वुडलँड दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

डेटनलगतच्या एका नगराला त्यांच्या हयातीतच केटरिंग हे नाव देण्यात आले. मिशिगन राज्यातील फ्लिंट येथील जनरल मोटर्सची जुनी अभियांत्रिकी संस्था इ.स. १९९८ पासून केटरिंग विद्यापीठ या नावाने ओळखली जाते. तेथील विद्यार्थी वर्षाचा काही काळ वर्गात आणि काही काळ कारखान्यात काढतात.